पंगतीचा गेम

जयनगरच्या त्या कॉम्प्युटर इन्स्टिट्यूटमध्ये मी शिकवायला लागले, तेव्हा मुलांना प्रोग्रॅमिंग शिकवायचं हे आपलं काम, अशी माझी समजूत होती. पहिली बॅच बाहेर पडेपर्यंत कळलं की खरं काम पगाराचे प्रोग्रॅम तपासणं हे आहे. कोर्स संपताना प्रत्येकाला एक प्रोजेक्ट करावा लागायचा, आणि त्याआधी आपली कल्पना परीक्षकांसमोर उभं राहून मांडावी लागायची. आता कल्पना म्हणजे काय? कुणी लायब्ररी घ्यायचं, कुणी हॉस्पिटल, कुणी हॉटेलचं बिल, आणि उरलेले सगळे पगार. मागच्या बॅचचा प्रोग्रॅम मिळवायचा, त्यातलं कंपनीचं नाव बदलायचं, रंग बदलायचे, झालं. मी ते ओळखायचे आणि आमच्या डायरेक्टर सरांना जाऊन सांगायचे. ते म्हणायचे, "चालतोय ना प्रोग्रॅम? मग सोडा, मॅडम."

नव्वदचं दशक संपत आलं होतं. मी लग्नानंतर पुण्याहून इकडे कर्नाटकात आलेली. नवरा सकाळी कंपनीच्या बसने व्हाइटफील्डला जायचा तो अंधार पडल्यावर उगवायचा. घरात बसून करायचं काय, म्हणून मी ही नोकरी धरली होती. इन्स्टिट्यूटमध्ये माझ्याशी मराठी बोलणारं कुणी नव्हतं. त्यामुळे बेळगावकडची एक मुलगी बॅचमध्ये आली आणि पहिल्याच दिवशी म्हणाली, "मॅडम, तुम्ही पुण्याच्या काय? बोलण्यावरनं मी ओळखलो की," तेव्हा मला फार बरं वाटलं होतं. तिच्याकडे बायकाही 'मी आलो, मी केलो' म्हणतात. मला सुरुवातीला गंमत वाटायची, मग सवय झाली.

मुलगी हुशार होती, पण हुशारी दाखवायची तिला घाई नव्हती. मागच्या बाकावर बसायची, विचारलं तर उत्तर द्यायची, नाहीतर गप्प. प्रोजेक्टच्या कल्पनांची वेळ आली तशी वर्ग सुटल्यावर माझ्याकडे आली.

"मॅडम, मी गेम करतो."

"कसला गेम? तो विमानं पाडायचा?"

"नाही. पंगतीचा."

मला वाटलं मी चुकीचं ऐकलं. मग तिने सांगितलं. ती शाळेत असताना तिच्या चुलतबहिणीचं लग्न झालं. घरच्या पोरी वाढायला होत्या, हिच्याकडे बासुंदीचं भांडं. मुलाकडच्यांची पंगत बसलेली. नवऱ्या मुलाचे काका अगदी टोकाला. ही वाढत वाढत त्यांच्यापर्यंत गेली आणि नेमकं तिथंच भांडं रिकामं झालं. भरून आणायला आत गेली, तर आत कुणीतरी दुसरंच काम सांगितलं. परत येईपर्यंत काकांनी पानावर पाणी फिरवलं आणि ते उठले. ते उठले म्हणून त्यांचे भाऊ उठले, आणि बघता बघता सगळी पंगत उठली. तिच्या वडिलांना मांडवाच्या दारात हात जोडून उभं राहावं लागलं.

"घरात सगळे म्हणाले, पोरगी वेंधळी आहे. पण मॅडम, मी त्यावर लई विचार केलो. वेंधळेपणाचा प्रश्नच नव्हता. एकाच बाजूनं वाढत गेलं की टोकाच्या माणसाला नेहमीच उशीर होणार. निम्मं भांडं झालं की दुसऱ्या टोकाकडनं सुरू करायला पाहिजे होतं. आणि चिडका माणूस कुठं बसलाय ते आधी बघून ठेवायला पाहिजे होतं."

मी तिच्याकडे बघतच राहिले. रांग, वेळ, कुणाला आधी आणि कुणाला नंतर, हेच तर मी आठवडाभर फळ्यावर चौकोन काढून शिकवत होते आणि कुणाच्या डोक्यात शिरत नव्हतं.

गेम तिने थोडा करूनही ठेवला होता. वरून बघितल्यासारखी पंगत: हिरवी पानं, त्यांच्यापुढे माणसांची डोकी. म्हणजे नुसती वर्तुळं, पण कुणाला टक्कल, कुणाला अंबाडा, कुणाला टोपी. खेळणारा म्हणजे वाढपी. बाणाच्या बटणांनी पुढे-मागे जायचं, आकड्यांनी भांडं निवडायचं. भात, वरण, तूप, पुरी, बासुंदी. ज्याचं पान रिकामं, त्याचं डोकं हळूहळू लाल होत जायचं. पोरं लवकर लाल व्हायची आणि लगेच विसरायची. म्हाताऱ्या बायका बराच वेळ कळ काढायच्या. टोकाला एक काका होते, ते सगळ्यांत लवकर तापायचे. ते पूर्ण लाल झाले की पंगत उठायची आणि खेळ संपायचा. पडद्यावर इंग्रजी अक्षरांत यायचं, 'वरपक्ष उठला'.

मी खेळायला बसले आणि सारखी हरत राहिले. शेवटी तिनेच मला उठवलं. "मॅडम, लॅब बंद करतेत."

तेव्हापासून तिच्या प्रेझेंटेशनचं ओझं मीच डोक्यावर घेतलं. परीक्षक दोन: एक डायरेक्टर सर, दुसरे बाहेरून बोलावलेले पाहुणे, एका सॉफ्टवेअर कंपनीतले मॅनेजर. आमची बरीच मुलं त्यांच्याकडे नोकरीला लागायची, म्हणून सर त्यांना फार जपायचे. बोलायचं इंग्रजीतच, असा नियम होता. तिचं इंग्रजी वाचण्यापुरतं पक्कं, बोलताना अडखळायचं. आम्ही रोज वर्ग सुटल्यावर सराव करायला लागलो.

मी तिला म्हटलं, "हे बघ, गेम हा शब्द वापरूच नकोस. केटरिंग मॅनेजमेंट म्हण. सिम्युलेशन म्हण. मोठ्या हॉलमध्ये जेवण वाढायचं नियोजन कसं करावं, याचा अभ्यास आहे असं सांग. सरांना ते आवडेल."

"पण मॅडम, गेमच आहे की तो."

"मला माहितेय गं. त्यांना कशाला सांगायचं?"

"खोटं कशाला बोलायचं? खेळायला लागले की कळतंयच."

मी समजावलं, रागावले, शेवटी दोन वाक्यं लिहून दिली आणि पाठ करून घेतली. तिने न अडखळता म्हणून दाखवली. मला वाटलं, जमलं.

दुसरी अडचण मॉनिटरची. प्रेझेंटेशनच्या हॉलमधल्या मशीनला ब्लॅक अँड व्हाइट मॉनिटर होता. पगाराच्या प्रोग्रॅमला त्याने काही बिघडत नाही. या गेममध्ये सगळी कथाच रंगावर चाललेली. लॅबमधली रंगीत मशिनं त्या दिवशी दुसऱ्या बॅचच्या परीक्षेला लावलेली. आता उरला एकच रंगीत मॉनिटर, रिसेप्शनवरचा. त्यावर दिवसभर मासे पोहत असायचे. फी विचारायला आलेले आईबाप ते मासे बघून खूश व्हायचे.

मी सरांकडे गेले. "सर, तासाभरासाठी रिसेप्शनचा मॉनिटर हॉलमध्ये नेऊ का?"

"अ‍ॅडमिशनचा सीझन आहे, मॅडम. लोक येतायत."

"फक्त या एका मुलीपुरता. तिच्या प्रोजेक्टला रंग लागतात."

"प्रोजेक्टला रंग कशाला लागतात?" सरांनी खऱ्या कुतूहलाने विचारलं, आणि याचं उत्तर त्यांना आत्ता दिलं तर गेम हा शब्द येणार, म्हणून मी तशीच बाहेर आले. मग स्वतःच मॉनिटर उचलून न्यायचा विचारही केला. पण रिसेप्शनवरची मुलगी म्हणाली, "सरांनी सांगितलंय, मासे बंद करायचे नाहीत."

बेळगावच्या मुलीला हे सांगितलं तेव्हा ती म्हणाली, "स्वल्प अ‍ॅडजस्ट करतो, मॅडम. लालच्या जागी पांढरं करतो." आणि खरंच तिने बसून बदल केले. पण पांढरी डोकी आणि जरा कमी पांढरी डोकी यांतला फरक तिला कळत होता, मला कळत होता. पाहुण्यांना कळेल का, याची मला धास्ती होती.

प्रेझेंटेशनच्या दिवशी पाहुणे उशिरा आले. सकाळपासून पगार, पगार, हॉस्पिटल, पगार. पाहुणे मान हलवत होते, सर त्यांच्या मानेकडे बघून आपली मान हलवत होते. हिचा नंबर जेवणाच्या सुट्टीच्या जरा आधी आला. ती उभी राहिली, माझ्याकडे बघितलं, आणि इंग्रजीत म्हणाली, "सर, हा एक गेम आहे."

मी कपाळाला हात लावला. माझी दोन्ही वाक्यं कुठे गेली, कोण जाणे.

सरांचा चेहरा बदलला. "गेम?"

"हो सर. लग्नात पंगत असते. आपण वाढायचं. सगळ्यांना वेळेवर वाढलं तर आपण जिंकतो."

पाहुण्यांनी चष्मा काढला. "यात शत्रू कोण? मारायचं कुणाला?"

"मारायचं कुणालाच नाही, सर. शत्रू वेळ." तिने जरा विचार केला. "आणि नवऱ्या मुलाचे काका."

वर्ग हसला, पाहुणेही हसले. सर मात्र हसले नाहीत. ते म्हणाले, "म्हणजे इथे येऊन कॉम्प्युटर शिकायचं आणि शेवटी वाढपी व्हायचं?" त्यावर वर्ग दुप्पट हसला. तीही हसली. मला ते हसणं लागलं. निदान तिने तरी हसायला नको होतं.

तेवढ्यात पाहुणे खुर्ची ओढून मशीनसमोर बसले. "बघू तर." त्यांनी भात वाढला, वरण वाढलं, एका पोरावर बासुंदीची उधळण केली आणि बघता बघता पडदा रिकामा झाला. 'वरपक्ष उठला.'

"हे काय आलं?"

तिने आता कानडीत सांगितलं, "बीगरु एद्दु होदरु, सर." सोयरे उठून गेले.

पाहुणे कर्नाटकातलेच, लग्नं बघितलेले. खदखदून हसले. "आमच्या बहिणीच्या लग्नात हेच झालं होतं!" म्हणाले, आणि पुन्हा खेळायला बसले. या वेळी पुढे वाकून. "हा का चिडला? याला आत्ताच तर दिलं." ती म्हणाली, "त्यांना पुरी नको आहे सर, भात पाहिजे." "हे मला कसं कळणार?" "नको ते वाढलं की डोकं आणखी लाल होतं सर, पण इथं रंग नाहीत." पाहुण्यांनी मॉनिटरकडे बघितलं. मी सरांकडे बघितलं. सर घड्याळाकडे बघत होते.

आणखी थोडा वेळ मिळाला असता, किंवा ते मासे तासभर बंद राहिले असते, तर काय झालं असतं, हा विचार मी नंतर किती वेळा केला असेल. पण पंगत पुन्हा उठली, पाहुण्यांनी खुर्ची मागे सारली आणि एकदम मॅनेजर झाले. "छान आहे. टाइमपास आहे. पण हे विकत कोण घेणार? आमच्यासारख्या कंपनीला याचा उपयोग काय?"

तिच्याकडे उत्तर होतं. रांगांचं, दोन्ही टोकांकडून वाढण्याचं, आधी कुणाला द्यायचं ते ठरवण्याचं. मला ती ते मराठीत धडाधडा सांगायची. तिथे ती इंग्रजीत म्हणाली, "उपयोग... सर, खेळता येतं."

मी उठून बोलायला लागले, तर सरांनी हात वर केला. "मॅडम, कँडिडेटला बोलू द्या." कँडिडेटने मशीनमधून फ्लॉपी काढून घेतली. सर म्हणाले, "नेक्स्ट."

दुपारी मी सरांच्या केबिनमध्ये गेले. त्यांनी कल्पना नामंजूर केली होती. तिला दुसरा विषय घ्यायला सांगितलं होतं, गोदामातल्या मालाची नोंद. मी म्हटलं, "सर, पगाराच्या सगळ्या प्रोजेक्टांत मिळून नसेल एवढं प्रोग्रॅमिंग त्या एका गेममध्ये आहे. आणि तो तिने स्वतः लिहिलाय. बाकीच्यांनी काय लिहिलंय, तुम्हाला माहीत आहे."

"माहीत आहे," सर शांतपणे म्हणाले. मला वाटलं होतं ते नाकारतील. "पण मॅडम, त्या पाहुण्यांना गोदामाची नोंद करणारी मुलं लागतात. मी त्यांना पंगत वाढणारी पाठवली, तर पुढच्या वर्षी ते येणार नाहीत. मग बाकीच्या मुलांनी कुठे जायचं?"

"ते दोनदा खेळले, सर."

"खेळले. घेतलं का?" मग त्यांनी माझ्यासाठी कॉफी मागवली. "तुम्हा पुण्याच्या लोकांना वाद घालायला फार आवडतं."

कॉफी न घेता उठायला हवं होतं. पण ती आली होती आणि गरम होती, म्हणून प्यायले. त्याचाही पुढे कितीतरी दिवस मला राग येत राहिला.

ती मला जवळच्या शॉपिंग कॉम्प्लेक्सच्या बाहेर भेटली, मैत्रिणींबरोबर चुरमुरी खात होती. मी तिला बाजूला घेतलं. म्हटलं, आपण लेखी अर्ज करू, मी सही करते, पाहुण्यांना रंगीत मॉनिटरवर पुन्हा दाखवू. तिने पुडी माझ्यापुढे केली. "खावा की, मॅडम."

"अगं, मी काय बोलतेय?"

"ऐकतो की. पण मी सरांना सरी, बरं म्हणून आलो. गोदाम करतो."

"तुला राग नाही आला?"

"आला. पण मॅडम, बाबांनी हा एकच कोर्स करायला सोडलंय. एक स्थळ येऊन गेलंय, ते थांबलेत. नोकरी लागली तर मी इथं राहतो, नाही लागली तर बाबा येऊन घेऊन जातेत. आता भांडत बसलो तर गोदाम कधी करू?"

मी तिच्या पुडीतली मूठभर चुरमुरी घेतली आणि चिडूनच खाल्ली. तिने गोदामाचा प्रोग्रॅम आठवड्याभरात उरकला. निर्दोष चालायचा. तपासताना मला जांभया आल्या. सरांनी त्याला वर्गात पहिला नंबर दिला.

नोकरीही लागली, त्याच पाहुण्यांच्या कंपनीत. पेढे घेऊन आली तेव्हा सांगत होती, मुलाखतीला आत शिरताच ते म्हणाले, 'बीगरु बंदरा?' सोयरे आले का? मग गोदामाबद्दल एक अक्षर विचारलं नाही, पंगतीबद्दलच बोलत राहिले. दोन्ही टोकांकडून वाढायची युक्ती तिने कानडीत समजावून सांगितली, आणि तिथल्या तिथे घेतलं. ती हसत होती. मी मात्र आतून फणफणले होते. म्हणजे कळलं होतं त्या माणसाला. त्या दिवशी हॉलमध्ये, सरांसमोर, सगळ्या वर्गासमोर हे बोलायला काय झालं होतं?

"बरं, गेमची फ्लॉपी दे मला," मी म्हटलं. "मी पुढच्या बॅचला दाखवते."

"ती आता नाही मॅडम. त्याच फ्लॉपीवर मी गोदाम घातलो."

"पुसलास?"

"नवी फ्लॉपी कुठं होती तेव्हा?"

मी तिला पेढ्याच्या पेटीसकट बाहेर घालवायचं तेवढं बाकी ठेवलं.

नंतर काही महिने मी स्वतः तो गेम पुन्हा लिहायचा प्रयत्न केला. आमच्याकडे तोवर घरी कॉम्प्युटर आला होता. पानं जमली, डोकी जमली, टक्कलसुद्धा जमलं. पण माणसं जमेनात. एकतर सगळे एकदम चिडायचे, नाहीतर कुणीच चिडायचं नाही. मी तिच्या ऑफिसात फोन केला. ती तेव्हा नव्या शतकासाठी जुन्या प्रोग्रॅममधल्या तारखा दुरुस्त करायच्या कामावर होती.

"अगं, पोरांचा राग किती वेळाने उतरायचा?"

"अंदाजानं घातलो होतो मॅडम. आता आठवत नाही."

"अंदाज सांग की मग."

"मॅडम, मीटिंग आहे. रविवारी येतो."

रविवारी खरंच आली, मारतहळ्ळीहून दोन बस बदलून, बेळगावचा कुंदा घेऊन. जेवण झाल्यावर मशीनसमोर बसली, माझा प्रोग्रॅम वाचला आणि हसायला लागली. "मॅडम, तुम्ही सगळ्यांना एकच भूक दिलाय." मग तिची बोटं चालायला लागली. मी शेजारी स्टूल घेऊन बसले. अर्ध्यापाऊण तासात पंगत जिवंत झाली. पोरं मागायला लागली, बायका वाट बघायला लागल्या, टोकाचे काका तापायला लागले. मी तिच्या हातातून कीबोर्ड घेतला आणि बासुंदीचं भांडं घेऊन धावत सुटले. तेवढ्यात दिवे गेले.

अंधारलेल्या पडद्याकडे बघत मी विचारलं, "सेव्ह केलं होतंस ना?"

"नाही की मॅडम. तुम्ही खेळायला बसलासा."

आम्ही वाट बघितली. चहा झाला. तिने ऑफिसातल्या गमती सांगितल्या, लग्नाचं स्थळ तिनेच परत पाठवल्याचं सांगितलं, आणि दिवे यायच्या आधीच बससाठी उठली. "परत कधीतरी करू, मॅडम. सोपं आहे ते."

सोपं होतं, तिच्यासाठी. मी पुष्कळ आठवून बघितलं, तिने नेमकं काय काय टाइप केलं होतं, पण मी तेव्हा तिच्या बोटांकडे कमी आणि पंगतीकडे जास्त बघत होते. काही महिन्यांनी कंपनीने तिला अमेरिकेला पाठवलं. विमानतळावरून फोन आला, बाबा सोडायला आलेत म्हणाली, आवाज आनंदाने फुटत होता. मी तिला खूप शुभेच्छा दिल्या आणि त्या मनापासून होत्या. गेमचं विचारायचं ओठांवर आलं होतं, पण मागे घोषणा चालू होत्या, वडील घाई करत होते, मग राहूनच गेलं.

त्या आठवड्यात नव्या बॅचची प्रेझेंटेशनं होती. पाहुणे तेच होते. पहिला मुलगा टाय सारखा करत उभा राहिला आणि म्हणाला, "सर, माझा विषय पगार." पाहुण्यांनी मान हलवली.